कन्नड घाट, मे महिना आणि ठिणगीची वेळ

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे नेहमी जाणाऱ्यांना हे कोडं ओळखीचं असेल. गाडी तीच, चालवणारा तोच, माणसं आणि सामानही तेवढंच. डिसेंबरात हीच टर्बो पेट्रोल गाडी कन्नड घाट हसतखेळत चढते. मे महिन्यातल्या दुपारी मात्र तिला दम लागतो. पाय दाबला तरी पिकअप मिळत नाही, ॲव्हरेज पडतं. काही गाड्यांत तर चढावर जोर दिला की बॉनेटखालून धातूवर धातू आपटल्यासारखी बारीक किटकिट ऐकू येते. खाली आल्यावर गॅरेजमध्ये दोनपैकी एक निदान हमखास मिळतं. ‘पेट्रोल खराब आहे’ हे पहिलं. ‘टायमिंग जरा पुढे घेऊ, पिकअप येईल’ हे दुसरं.

पहिलं निदान कधी बरोबर असतं, कधी नसतं. दुसरं मात्र टर्बो गाडीच्या बाबतीत इंजिन उघडायला लावू शकतं. कारण मेमध्ये पिकअप कमी होतो तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. गाडीच्या संगणकाने स्वतःचं इंजिन वाचवण्यासाठी मुद्दाम घेतलेली माघार असते.

करंट आधी का सोडायचा?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण पिस्टन वर जाताना दाबलं जातं आणि मग प्लगवर ठिणगी पडते. गॅरेजच्या भाषेत ‘करंट येतो’. पिस्टन अगदी वरच्या टोकाला पोहोचल्यावर ठिणगी पडत असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती त्याआधीच पडते, कारण मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगपासून आग पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते आणि या प्रवासाला सुमारे दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो.

हा काळ नगण्य वाटेल. पण ३००० आरपीएमवर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेरे मारतो. एका फेऱ्याचे ३६० अंश धरले, तर दोन मिलिसेकंदांत तो ३६ अंश फिरलेला असतो. पिस्टन वर पोहोचल्यावर पेटवायला घेतलं, तर आग पूर्ण पसरेपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असेल आणि दाब वाया जाईल. म्हणून ठिणगी काही अंश आधी टाकतात. यालाच टायमिंग ॲडव्हान्स करणं किंवा पुढे घेणं म्हणतात. ठिणगी उशिरा टाकणं म्हणजे रिटार्ड, मागे घेणं. सिलिंडरमधला दाब पिस्टन वरच्या टोकावरून परतल्यानंतर साधारण १२ ते १६ अंशांच्या दरम्यान कळसाला पोहोचला, तर त्या पेट्रोलमधून सर्वांत जास्त काम मिळतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला बांधलेल्या झोक्यावर ज्याने कुणाला झोका दिला आहे, त्याच्या हाताला हे तंत्र माहीत असतं. झोका मागे येऊन थांबला आणि पुढे निघाला, की त्याच क्षणी हात लावायचा. थोडी ताकद पुरते आणि झोका उंच जातो. उशीर केला तर हात हवेतच राहतो. घाई करून झोका अजून आपल्याकडे येत असतानाच रेटा दिला, तर झोका अडतो आणि हिसका आपल्याच मनगटाला बसतो. इंजिनात हे मनगट म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग.

टर्बो आला की हिशेब बदलतो

साधं इंजिन बाहेरची हवा आपल्या ओढीने आत घेतं. टर्बो ती कोंबतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. या जादा दाबालाच बूस्ट म्हणतात. छोट्या गाड्यांतली ही चक्रं मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात. कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी १९०५ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे लहान टर्बो पेट्रोल इंजिनं सर्वसामान्यांच्या गाड्यांत आली ती गेल्या दहा-बारा वर्षांत. चाकणला तयार झालेली २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची २०१७ ची नेक्सॉन, या मालिकेतल्याच.

हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हजार-बाराशे सीसीचं इंजिन मोठ्या इंजिनाचं काम करतं ते असं. पण दाटीवाटीचं मिश्रण पेटतंही लवकर, त्यामुळे ठिणगीला तेवढी घाई करावी लागत नाही. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने जाताना जे इंजिन ३५-४० अंश आधी ठिणगी टाकतं, तेच पूर्ण बूस्टवर घाट चढताना १० अंशांवर, कधी त्याहून खाली येतं. एकाच गाडीत, एकाच मिनिटात. ‘या गाडीचं टायमिंग किती?’ या प्रश्नाला टर्बो गाडीत एक आकडा उत्तर म्हणून देताच येत नाही. उत्तर एक मोठा तक्ता असतो. आडवे आरपीएम, उभा बूस्ट आणि प्रत्येक चौकटीत वेगळा अंश. यालाच मॅप म्हणतात.

किटकिट म्हणजे नेमकं काय

आग प्लगपासून पसरत असताना कडेला अजून न पेटलेलं थोडं मिश्रण उरलेलं असतं. पुढून येणारी आग त्याला आणखी दाबते, आणखी तापवते. ही दाबणी आणि तापणी एका मर्यादेपलीकडे गेली, की ते मिश्रण आगीची वाट न पाहता जागच्या जागी स्वतःहून एकदम पेटतं. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. साधारण ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ही आपटाआपट सेकंदाला सात-साडेसात हजार वेळा होते. आपल्याला ऐकू येते ती हीच किटकिट. नाव, नॉकिंग.

आवाजापेक्षा परिणाम वाईट असतो. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि पिस्टन असतो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जो त्याच्या एक-तृतीयांशाच्याही आत वितळतो. तरी तो टिकतो, कारण धातूला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो. नॉकिंगच्या लाटा तो थर खरवडून काढतात. उष्णता थेट धातूत शिरते आणि मग पिस्टनच्या कडा झिजणं, रिंगा बसतात त्या पट्ट्या तुटणं, हेड गॅस्केट उडणं हे क्रमाने येतं. साध्या इंजिनाला हलकी किटकिट काही काळ सोसते. पूर्ण बूस्टवरचं टर्बो इंजिन जोरदार नॉकिंगमध्ये काही सेकंदांत निकामी होऊ शकतं.

टायमिंग पुढे घेतलं की दाबाचा कळस लवकर आणि उंच येतो, कडेच्या मिश्रणावरचा ताण वाढतो, नॉकिंग जवळ येतं. मागे घेतलं की लांब जातं.

मे महिन्यातले वीस अंश

आता घाटातलं कोडं. इथे अंश तापमानाचे आहेत, फिरण्याचे नाहीत. डिसेंबरातल्या दुपारी बाहेर २५ अंश धरू, मेमध्ये ४५. जळगाव जिल्ह्यात हा आकडा नवलाचा नाही. हवा दाबली की तापते. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर २५ अंशांची हवा ११५-१२० पर्यंत जाते आणि ४५ ची १४५ च्या घरात. तिला थंड करायला इंटरकूलर असतो. पण तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. शिवाय घाटात एखाद्या संथ गाडीमागे १५-२० च्या वेगाने रांगत असाल, तर त्याला समोरून वाराही मिळत नाही. रेडिएटरची आणि तापलेल्या डांबराची धग मात्र मिळते.

समजा, इतकं होऊनही सिलिंडरमध्ये शिरणारी हवा डिसेंबरपेक्षा वीसच अंशांनी जास्त गरम आहे. पिस्टन तिला दहापट दाबतो, तेव्हा हा फरक दुपटीहून अधिक होतो. म्हणजे ठिणगी पडायच्या वेळी मिश्रण चाळीसहून अधिक अंशांनी गरम असतं. नॉकिंगच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या इंजिनासाठी हे फार झालं.

संगणकाला हे कळतं. आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. दुसरा, नॉक सेन्सर, ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो. त्यात कंप झाला की वीज निर्माण करणारा स्फटिक असतो आणि तो त्या सात हजारांच्या आसपासच्या कंपावर कान लावून बसतो. नॉकिंगचा सुगावा लागला की संगणक त्या सिलिंडरचं टायमिंग तत्काळ काही अंश मागे घेतो, मग हळूहळू पुढे सरकवून पाहतो. गरज पडली तर बूस्टही कमी करतो. १९७८ च्या ब्यूक टर्बो गाड्यांपासून ही युक्ती वापरात आहे. मेमध्ये हरवलेला पिकअप म्हणजे हीच माघार. ‘टायमिंग पुढे घेऊ’ म्हणणारा माणूस नकळत ती रद्द करायला निघालेला असतो.

एक बारकावा मेकॅनिक मंडळींसाठी. नॉक सेन्सरचा बोल्ट किती घट्ट आवळायचा, याचा आकडा ठरलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. अंदाजाने करकचून आवळला किंवा खाली रंग-गंज राहिला, तर सेन्सर चुकीचं ऐकतो. ताकद परत यावी म्हणून सेन्सरचं कनेक्शनच काढून ठेवणारेही असतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मागे घेणंही फुकट नाही

मग टायमिंग मागेच ठेवलं तर सगळं सुरक्षित? तसंही नाही. ठिणगी उशिरा पडली की आग उशिरापर्यंत जळत राहते आणि तिची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सरच्या दिशेने निघते. त्या वाटेवर पहिला उभा असतो टर्बो, त्याच्यामागे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पेट्रोल टर्बोच्या चक्रापाशी धुराचं तापमान ९५० अंशांच्या आसपास सहज जातं. फार मागे घेतलेलं टायमिंग तिथली मर्यादा ओलांडायला लावतं. मग संगणक जास्त पेट्रोल ओतून आतला ताप उतरवतो आणि ॲव्हरेज आणखी पडतं.

म्हणजे सुरक्षित टायमिंगला दोन्ही बाजूंना कडा आहेत. फरक एवढाच, की पुढच्या कडेवरून गाडी सेकंदांत पडते, मागच्या कडेवरून महिन्यांत.

---
चौकट : घाटात निघण्यापूर्वी

टाकीच्या झाकणामागे किंवा पुस्तिकेत लिहिलेला किमान ऑक्टेन आकडा पाहून ठेवा. कूलंट, इंटरकूलरच्या जाळीतली धूळ आणि एअर फिल्टर उन्हाळ्याआधी तपासून घ्या. प्लग कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचेच हवेत. चढावर किटकिट ऐकू आली तर पाय सैल करा, गिअर खाली घ्या आणि आवाज गेला तरी गाडी स्कॅन करून घ्या. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर घाट चढायचा हट्ट करू नका.
---

सुरक्षितपणे बदलायचं असेल तर

प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बॅसिडरच्या काळात टायमिंग हाताने व्हायचं. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करायचा, तो जरासा फिरवायचा, चढावर किटकिट येईपर्यंत पुढे न्यायचं आणि मग थोडं मागे. चांगल्या उस्तादाचा कान हेच यंत्र होतं, आणि ते चालायचं, कारण त्या इंजिनांना बूस्ट नव्हता आणि चुकीला माफी होती. टर्बो गाडीत हा मार्ग बंद समजावा. बंद काचांच्या आणि साउंडप्रूफिंगच्या आड पहिली किटकिट ऐकू येतच नाही. ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो.

आजच्या गाडीत फिरवायला डिस्ट्रिब्युटरही नाही. क्रँकच्या दातेरी चकतीवर एक सेन्सर नजर ठेवतो आणि त्यावरून संगणक अंश मोजतो. त्यामुळे पहिलं काम संगणक उघडण्याचं नसतंच. टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकलेली नाही ना, कॉम्प्रेशन सर्व सिलिंडरांत सारखं आहे का, बूस्टच्या नळ्यांतून हवा गळते का, पेट्रोलचा दाब पुरेसा आहे का, हे आधी. आजारी इंजिनाचं टायमिंग बदलणं म्हणजे रोग झाकणं.

इंजिन निरोगी असेल आणि वेगळा संगणक बसवला असेल, तर पुढची पायरी पडताळणीची. संगणकाला ठिणगी एका ठरलेल्या अंशावर, समजा १० वर, रोखून धरायला सांगतात आणि पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारून खरोखर १० च दिसतात का पाहतात. इथे पाच अंशांची चूक राहिली, तर पुढचा सगळा मॅप पाच अंशांनी खोटा ठरतो. ही पायरी गाळणारा ट्यूनर कितीही मोठ्या शहरातला असो, त्याला गाडी देऊ नये.

मग सुरुवात मुद्दाम मागच्या टायमिंगवरून, कमी बूस्टवर आणि पेट्रोल किंचित जास्त ठेवून करतात. जुन्या ट्यूनरांचा एक ठोकताळा आहे, बूस्टच्या प्रत्येक पीएसआयमागे सुमारे एक अंश मागे. तो सुरुवातीपुरता ठीक, कारण प्रत्येक इंजिनाचा दहनकक्ष वेगळा. यापुढचं काम रस्त्यावर नव्हे, डायनोवर. डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र. तिथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, टायमिंग एकेक अंशानेच पुढे न्यायचं, आणि प्रत्येक वेळी आत येणाऱ्या हवेचं तापमान, हवा-पेट्रोलचं प्रमाण, धुराचं तापमान आणि नॉक सेन्सरची नोंद पाहायची. दोन धावांमध्ये इंजिन थंड होऊ द्यायचं.

थांबायचं कुठे? टायमिंग पुढे नेत गेलं की ताकद आधी भराभर वाढते, मग हळू, मग सपाट होते. सपाट झाल्यावर आणखी पुढे नेणं निव्वळ मूर्खपणा, कारण मिळत काही नाही आणि ताण वाढतो. पूर्ण बूस्टवर मात्र बहुतेक वेळा ही सपाटी येण्याआधीच नॉकिंग येतं. तिथून दोन-तीन अंश मागे यायचं आणि तिथेच राहायचं. सोडून दिलेल्या या अंशांची किंमत थोडी ताकद असते. त्यांच्या बदल्यात मिळते ती गरम दिवसासाठीची शिल्लक.

आणि मुद्दा हाच आहे. कारखान्याने ठेवलेली शिल्लक ‘वाया गेलेली ताकद’ म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. ‘स्टेज वन’ रिमॅप, म्हणजे ताकदीसाठी बदललेला मॅप, जानेवारीच्या सकाळी, चांगल्या पेट्रोलवर, रिकाम्या गाडीत भन्नाट वाटतो. त्याची परीक्षा मेमध्ये होते, पाच माणसं, एसी आणि चढ असताना.

ठिणगीच्या आधीची आग

एक दुखणं असं आहे, ज्यावर टायमिंगचा उपायच चालत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत, १५०० ते २५०० आरपीएमवर भरपूर जोर मागितला, तर कधी कधी मिश्रण ठिणगी पडायच्या आधीच पेटतं. सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेला तेलाचा थेंब किंवा सुटलेला काजळीचा कण तिथे ठिणगीचं काम करतो. ठिणगीला विचारलंच नाही, तर तिची वेळ बदलून काय होणार? असा एखादाच स्फोट पिस्टन फोडू शकतो.

उपाय दोन आणि दोन्ही स्वस्त. पहिला इंजिन ऑइलचा. तेलातल्या कॅल्शियमयुक्त घटकांमुळे हा प्रकार वाढतो, असं आढळल्यावर तेलाची मानकं बदलली. २०२० पासूनचं ‘एपीआय एसपी’ मानक याची चाचणी घेऊनच दिलं जातं. डब्यावर ही अक्षरं पाहा. दुसरा उपाय उजव्या पायाचा आणि डाव्या हाताचा. ॲव्हरेजच्या मोहाने चौथ्या गिअरमध्ये गाडी कण्हत घाट चढवू नका. तिसरा किंवा दुसरा टाका, आरपीएम वाढू द्या.

पंपावर काय भरता?

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. आपोआप पेटायला ते किती विरोध करतं, त्याचं माप. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन बीएस-२ च्या काळात ८८ होता, नंतर ९१ झाला आणि वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० सोबत ९५ ठरला. शुद्ध इथेनॉलचा आकडा १०८ च्या आसपास आणि ते बाष्प होताना भोवतीची उष्णताही बरीच शोषतं. म्हणजे नॉकिंगपुरतं बोलायचं, तर इथेनॉल टर्बोचा मित्रच आहे. लिटरमागे ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं, आणि जुन्या गाड्यांतल्या रबरी भागांचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यासह निवडक शहरांत १०० ऑक्टेनचं पेट्रोलही मिळू लागलं. मॅपला त्याचा फायदा घेता येत नसेल, तर ते टाकणं ही हौस. उलट पेट्रोलमध्ये केरोसीनची भेसळ असेल, तर ऑक्टेन झपाट्याने पडतो आणि सगळी शिल्लक एका टाकीत संपते.

सीएनजीचा मामला उलटा. तो नॉकिंगला खूप विरोध करतो, पण हळू जळतो, म्हणून त्याला ठिणगी आधी लागते. बाहेरून बसवलेल्या किटसोबत टायमिंग पुढे नेणारा छोटा डबा मिळतो तो याचसाठी. गाडी पेट्रोलवर गेली की तो बंद झालाच पाहिजे. टर्बो गाडीत तो चालू राहिला, तर नॉकिंगला निमंत्रण. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या टर्बो सीएनजी नेक्सॉनसारख्या कारखान्यातून आलेल्या गाडीत दोन्ही इंधनांचा हिशेब संगणकातच असतो. डिझेलवाल्यांना यातलं काही लागू नाही. तिथे प्लगची ठिणगीच नाही, वेळ असते ती डिझेल फवारण्याची.

पैसे देण्याआधी

रिमॅप केल्यावर कंपनीची वॉरंटी बहुधा जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाहीत आणि अपघातानंतर विमा कंपनीला हे कलम बरोबर आठवतं. एवढं समजून-उमजूनही करायचं असेल, तर ट्यूनरकडे ताकदीचा आलेख मागू नका. तो सगळेच देतात. हवा ४५ अंशांची असताना, पूर्ण बूस्टवर, तुम्ही रोज भरता त्याच पेट्रोलवर नॉक सेन्सरने किती अंश मागे घेतले, त्याची नोंद मागा. ती मिळत नसेल तर गाडी कारखान्याच्या मॅपवरच राहू द्या.